पुरेसे म्हणजे किती?

नीतिशास्त्राचे प्रश्न ग्रंथांतून चर्चिले जातात खरे, परंतु ते उपजतात घरातल्या साध्या व्यवहारांत. कापूस आज विकावा की भाव चढेपर्यंत थांबावे, म्हाताऱ्या बैलाचे काय करावे, मुलाला शहरात शिकायला पाठवावे की जवळच्या गावी, असे प्रश्न पडतात तेव्हा माणूस नकळत न्याय, विवेक आणि संयम ह्या सद्गुणांच्या प्रांतात पाऊल टाकीत असतो. आज वाचकांपुढे असाच एक प्रश्न ठेवावयाचा आहे. दिसायला तो निव्वळ यंत्राचा आहे. जुना झालेला संगणक विद्यार्थ्याने टाकून द्यावा, की हाती असलेल्या थोडक्या पैशांत सुधारून घ्यावा?

अकोल्याच्या आणि अमरावतीच्या महाविद्यालयांत हा प्रश्न पडलेली मुले पुष्कळ आहेत. त्यांतलाच एक माझ्या परिचयाचा. वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस आणि तूर. मुलगा अमरावतीस खोली घेऊन राहतो आणि विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. त्याच्याकडे बारा वर्षांपूर्वीचा एक डेस्कटॉप आहे, तोही कोणी वापरून विकलेला. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा करावा, पिऊन कप विसळून ठेवावा, तरी पडदा स्थिर झालेला नसतो. "फादर, मले सांगा," तो म्हणाला, "ह्यालेच सुधरवावं, का हप्त्यानं नवीन घ्यावं?" त्याच्यापाशी सहा हजार रुपये होते. दुकानदाराने नवा घे म्हटले होते. मित्राने, अमुक कार्ड टाक, तमुक बदल, अशी यादी दिली होती. वडील म्हणाले होते, "तुले लागते तं घे, पैशाचं पाहू."

ह्या शेवटच्या वाक्यापाशी प्रश्न यंत्राचा राहात नाही. 'पैशाचं पाहू' म्हणणाऱ्या बापाकडे पाहायला पैसे असतातच असे नाही. जो स्वतःच्या कमाईतून खर्च करतो त्याची चूक त्याला एकट्याला भोवते. जो दुसऱ्याच्या घामातून खर्च करतो त्याला विचार करणे हे कर्तव्य असते. विद्यार्थ्याचा पैसा बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो.

वखर आणि त्याची पास

जुनी वस्तू ठेवावी की टाकावी, हा विचार वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवा नाही. वखराची पास झिजली म्हणून कोणी वखर फेकून देत नाही. पास लोहाराकडे नेऊन पाजवून आणतात, फारच झिजली तर नवी बसवतात. दांडी मोडली तर सुतार बाभळीची दुसरी घालून देतो. काही वर्षांनी त्यात मूळचे लाकूड किंवा मूळचे लोखंड फारसे उरत नाही, तरी घरातली माणसे त्याला आजोबांचा वखरच म्हणतात.

ग्रीक लेखक प्लूटार्कने हीच गोष्ट थिसियसच्या जहाजाविषयी नोंदवून ठेवली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज आठवण म्हणून जपले, कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले, आणि जहाज तेच राहिले की दुसरे झाले ह्यावर तत्त्वज्ञांत वाद पेटला. संगणकाच्या बाबतीत ह्या वादाचे उत्तर कंपनीच्या परवान्यात आढळते. यंत्रासोबत विकलेली विंडोज प्रणाली मदरबोर्डशी बांधलेली असते. रॅम बदला, डिस्क बदला, संगणक तोच. परंतु बिघाड नसताना मदरबोर्ड बदललात की तो दुसरा संगणक मानला जातो आणि परवाना नव्याने घ्यावा लागतो.

शेतकऱ्याचे उत्तर ह्याहून वेगळे आहे आणि मला ते अधिक खोल वाटते. वखर तोच आहे, कारण तो त्याच घरासाठी तेच काम करतो. ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत बोलायचे तर वस्तू काय आहे हे तिच्या प्रयोजनावरून कळते. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो 'माझा संगणक किती जुना?' असा नव्हे, तर 'माझा संगणक कशासाठी?' असा. हे उत्तर मिळाल्यावाचून पुढचा एक रुपयाही योग्य जागी पडणार नाही.

म्हातारपण कोणी दिले?

यंत्राला म्हातारपण दोन वाटांनी येते. पहिली वाट झिजेची. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. फिरणारे सर्व काही केव्हातरी थकते. पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरवर लावलेली पेस्ट वाळून जाते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपते, संगणकाचे घड्याळ मागे जाते आणि तारीख चुकली म्हणून सुरक्षित संकेतस्थळेही उघडेनाशी होतात. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, विजेचा दाब वरखाली होतो, मधेच वीज जाते. ह्या हवेत यंत्र अधिक लवकर थकावे ह्यात नवल नाही.

दुसरी वाट बाहेरून येते. बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर तेव्हा जेवढ्या वेगाने बेरीज करीत होता, तेवढ्याच वेगाने आजही करतो. मग तो मंद का वाटतो? गॉर्डन मूर ह्यांनी १९६५ साली असे भाकीत केले, की एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी हा काळ दोन वर्षांचा धरला. ह्या वाढीला जगाने टाळ्या वाजविल्या. परंतु १९९५ साली स्विस संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस वीर्थ ह्यांनी हिशेबाची दुसरी बाजू मांडली. यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने प्रणाल्या जड होत जातात, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे बैल तोच, त्याची ताकदही तीच, पण गाडीत दरवर्षी आणखी एक पोते टाकले जाते. बैल रस्त्यात बसला की आपण म्हणतो, बैल म्हातारा झाला.

कधी कधी तर म्हातारपण तारीख लावून जाहीर केले जाते. मायक्रोसॉफ्टने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आणली. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणतः आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. जगातले कोट्यवधी संगणक आदल्या दिवशी जसे चालत होते तसेच नंतरही चालत राहिले, परंतु ते 'जुने' ठरले. ह्यात सगळी लबाडीच आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. चोर नवी हत्यारे घेऊन येतात, मग दाराला नवे कुलूप लागते. ज्या प्रणालीची भोके बुजविणे थांबले आहे, तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे, हे विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीसुद्धा झीज आणि जाहीर झालेले म्हातारपण ह्यांतला फरक ओळखणे हे विवेकाचे काम आहे. झिजेवर औषध केले पाहिजे. जाहीरनाम्यापुढे मात्र लगेच मान तुकविण्याचे कारण नाही, आणि त्याची लाज वाटून घेण्याचे तर मुळीच नाही.

आधी निदान, मग खर्च

लूककृत शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला देतात. शहाणा माणूस आधी बसतो आणि काम तडीस न्यायला आपल्यापाशी पुरेसे आहे की नाही ह्याचा हिशेब करतो. हा दाखला शिष्यत्वाविषयीचा आहे, परंतु ज्या संसारज्ञानावर तो उभा आहे ते आपल्या विषयालाही तंतोतंत लागू पडते.

हिशेब असा. संगणक रेंगाळत असेल तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहावे. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क ह्या तिघांपैकी कोण शंभर टक्क्यांना टेकले आहे? जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा डिस्क असते. फिरत्या तबकडीवरची एखादी नोंद शोधायला हार्ड डिस्कच्या सुईला सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास होते. हा जवळजवळ शंभर पटींचा फरक आहे. शिवाय मेमरी अपुरी पडली की संगणक डिस्कचाच मेमरी म्हणून उपयोग करू लागतो, म्हणजे दोन दुबळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालू लागतात आणि दोघेही पडतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. ज्याला पैसा लागत नाही ते सर्वांत आधी. आपल्या टिपणांची आणि प्रकल्पांची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे, धूळ झाडणे, सुरू होताच आपोआप उघडणारे नको ते कार्यक्रम बंद करणे. नंतर दोन-अडीचशे जीबीची एक एसएसडी घ्यावी. त्यानंतर शक्य झाल्यास आणखी चार जीबी रॅम. रॅम वापरलेली घेतली तरी फारसे बिघडत नाही, कारण तिच्यात झिजणारा फिरता भाग नसतो. हार्ड डिस्क मात्र वापरलेली घेऊ नये. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांची मागणी वाढल्यामुळे मेमरीचे भाव जगभर चढले. दूरदेशीच्या त्या स्पर्धेची झळ अमरावतीच्या विद्यार्थ्याच्या सहा हजारांना लागली. तेव्हा खरेदीपूर्वी दोन-चार ठिकाणी विचारून घेणे हेही विवेकातच मोडते.

आणखी एक गोष्ट. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, असे प्रभूने एके ठिकाणी म्हटले आहे. ठिगळ आकसते आणि फाटलेले अधिक फाटते. जुन्या मदरबोर्डवर डीडीआर-थ्री जातीची रॅम बसते. नवी डीडीआर-फोर तिच्या जागी बसतच नाही, कारण तिची खाच वेगळ्या ठिकाणी असते. दुकानात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली नवी वस्तू अशा वेळी पेटीतच पडून राहते. ठिगळ लावावे, पण वस्त्राची जात पाहून लावावे.

दिदरोचा झगा

इथवर व्यवहार झाला. ह्यापुढे मनाचा प्रश्न येतो, आणि तो अधिक अवघड आहे.

अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत देनी दिदरो ह्यांना कोणीतरी एक भरजरी झगा भेट दिला. त्यांनी आपला जुना, शाईचे डाग पडलेला झगा टाकला. पण नवा झगा अंगावर चढताच जुनी खुर्ची हिणकस दिसू लागली. खुर्ची बदलली, तेव्हा टेबल शोभेना. मग भिंतीवरची चित्रे गेली. शेवटी सगळी खोली बदलली आणि खिसा रिकामा झाला. जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा गुलाम झालो, अशा आशयाची खंत त्यांनी १७६९ सालच्या एका निबंधात मांडली आहे.

संगणकाच्या दुकानात ही साखळी अधिक निर्दय असते, कारण तिथे एक कडी दुसरीला खरोखरच ओढते. नवा प्रोसेसर घ्यावा तर मदरबोर्ड नवा लागतो. मदरबोर्ड नवा आला की रॅम नवी, मग वीजपुरवठ्याची पेटी अपुरी पडते, मग जुना कॅबिनेट बरा दिसत नाही. प्रत्येक पायरीवर दुकानदार खरेच सांगत असतो, आणि तरीही शेवटी मुलगा सहा हजारांचे काम करायला येऊन तीस हजारांच्या हप्त्यावर सही करून परततो. कोणी फसविले नाही, तरी फसगत झाली. म्हणून पायरी चढण्याआधीच 'माझी इथपर्यंत' अशी रेघ ओढणे आवश्यक असते. संयम हा सद्गुण इच्छेला मारीत नाही, तिला कुंपण घालतो.

हप्त्याविषयी वऱ्हाडात वेगळे काय सांगावयाचे? हप्ता दर महिन्याला येतो आणि कापूस वर्षातून एकदा. ह्या एका वाक्यात किती घरांची कहाणी आहे ते वाचक जाणतात. शून्य टक्के व्याजाच्या जाहिरातीत कर्ज हा शब्द बारीक अक्षरांत असतो, पण बापाच्या मनावर तो मोठ्या अक्षरांत उमटतो.

मध्य कोणता?

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, फादर काटकसरीचे प्रवचन देत आहेत. तेव्हा दुसरी बाजूही तितक्याच निग्रहाने मांडली पाहिजे.

ज्यांच्या घरी नवे यंत्र आहे त्यांनी, ज्यांच्याकडे नाही त्यांना समाधानाचा उपदेश करावा, ह्यात एक सूक्ष्म अन्याय दडलेला असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा ज्याच्याजवळ साधन नव्हते त्याची शाळाच बंद झाली. त्या मुलाला 'थोडक्यात भागव' असे सांगणे हे काटकसर शिकविणे नव्हते, ते त्याला वर्गाबाहेर उभे करणे होते. गरजेला हौस म्हणणे ही हौसेला गरज म्हणण्याइतकीच मोठी चूक आहे, आणि गरिबाच्या बाबतीत ती अधिक क्रूर आहे.

ॲरिस्टॉटलने सद्गुण मध्यावर असतो असे म्हटले, परंतु तो मध्य गणिताचा नव्हे. त्याने मल्लाचे उदाहरण दिले आहे. दहा मापे अन्न फार आणि दोन मापे थोडे म्हणून प्रशिक्षक सगळ्यांना सहा मापे वाढणार नाही. माइलोसारख्या मल्लाला तेवढे कमी पडेल आणि आखाड्यात नुकत्याच उतरलेल्याला जास्त होईल. मध्य माणसागणिक ठरतो. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला टंकलेखन, वाचन आणि एखादे व्याख्यान पाहणे पुरे असते. त्याला सुधारलेला जुना संगणक आणखी तीन-चार वर्षे सुखाने साथ देईल. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ज्या मुलीला त्रिमितीय आराखडे काढावयाचे आहेत, तिला तोच संगणक रात्ररात्र जागवील आणि काम अर्धेच राहील. तिच्या बाबतीत नवे यंत्र ही चैन नव्हे, ते तिचे अवजार आहे. तिने जुन्यावर चार हजार घालविणे हीच उधळपट्टी ठरेल. ज्याचा मदरबोर्डच जळाला आहे त्याच्याविषयीही हेच.

इथे गाडगेबाबांची आठवण होते. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेला हा माणूस चिंध्या पांघरून आणि फुटके गाडगे घेऊन फिरला. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्याला नाव दिले आणि आज त्याच नावाने अमरावतीचे विद्यापीठ ओळखले जाते. गाडगेबाबांनी स्वतःला फुटके भांडे पुरेसे मानले, पण यात्रेकरूंसाठी त्यांनी उभारल्या त्या धर्मशाळा फुटक्या नव्हत्या, पक्क्या होत्या. त्यांनी कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगितले आणि त्याच कीर्तनात, जेवायचे ताट विकावे लागले तरी चालेल पण लेकरांना शिकवा, असेही सांगितले. म्हणजे काटकसरीलाही एक क्रम आहे. दिखाव्यावरचा खर्च आधी कापावा, सोयीवरचा नंतर, आणि शिक्षणाच्या अवजारावरचा सर्वांत शेवटी. जो हा क्रम उलटा करतो तो काटकसरी नव्हे, तो कंजूष.

आपल्या त्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याची गरज तपासली तेव्हा ती वाचनाची, प्रयोगवह्या लिहिण्याची आणि थोड्याशा प्रोग्रॅमिंगची निघाली. त्याच्यासाठी मध्य एसएसडी आणि चार जीबी रॅमपाशी होता. त्याने तेवढेच केले. उरलेले पैसे परीक्षा शुल्कासाठी ठेवले.

प्रामाणिकपणाची किंमत

थोडक्या पैशांत भागविताना एक मोह हमखास वाटेत उभा असतो. संगणक सुधारला, आता प्रणाली कोणती घालावी? गल्लीत कोणीतरी शे-दोनशे रुपयांत 'क्रॅक' मारलेली विंडोज टाकून देतो. सगळेच करतात, कंपनी श्रीमंत आहे, आणि मी गरीब आहे, असे तीन युक्तिवाद तयारच असतात.

पहिले दोन विचारात घेण्यासारखे नाहीत. सगळे करतात म्हणून वाईट गोष्ट चांगली होत नाही, आणि धनिकाची चोरी ही चोरीच असते. तिसऱ्यात मात्र वजन आहे. सेंट थॉमस अक्वायनस ह्यांनी असे प्रतिपादिले आहे, की आत्यंतिक आणि उघड गरजेच्या प्रसंगी, दुसरा उपायच नसेल तर, माणसाने दुसऱ्याच्या विपुलतेतून गरजेपुरते घेतल्यास ती खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही. पण ह्या सवलतीची अट तिच्या पोटातच आहे, ती म्हणजे दुसरा उपाय नसणे. इथे दुसरा उपाय आहे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी मुक्त प्रणालीच्या कार्याची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्वतःच्या ३८६ जातीच्या संगणकावर एक प्रणाली लिहू लागला आणि त्याने ती सर्वांना खुली केली. त्यातून उभी राहिलेली लिनक्स आज कोणालाही एक पैसा न देता, कायदेशीरपणे मिळते. तिची हलकी रूपे चार जीबीच्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतात आणि त्यांवर देवनागरी उत्तम उमटते. सी-डॅक ह्या आपल्या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाचे लिनक्सचे भारतीय रूप तयार केले आहे. अडचणी नाहीत असे नव्हे. काही अभ्यासक्रमांना लागणारे कार्यक्रम विंडोजवरच चालतात, आणि नवी प्रणाली शिकायला चार दिवस जातात. प्रामाणिकपणाची किंमत कित्येकदा पैशात नसते, ती अशा चार दिवसांत मोजावी लागते. विद्यार्थ्याजवळ पैसा नसतो, पण हे चार दिवस असतात.

मुरंब्याचा वारसा

जुन्यात भागविणे म्हणजे मागे पडणे, अशी एक समजूत रूढ आहे. अकोला जिल्ह्याने तरी ती मानू नये. भारताच्या पहिल्या महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर ह्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी ह्याच जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा. अमेरिकेने अत्याधुनिक क्रे महासंगणक भारताला देण्यास नकार दिला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. एकच अजस्र प्रोसेसर हाती नव्हता. म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करवून घेतले गेले. जे नाही त्याच्या शोकात बसण्यापेक्षा जे मिळू शकते त्याची उत्तम जुळणी करण्याचा मार्ग त्यांनी निवडला.

त्याच संस्थेचे 'जिस्ट' कार्ड जुन्या वाचकांना कदाचित आठवत असेल. इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या साध्या संगणकाच्या खाचेत ते बसवले, की त्याच पडद्यावर मराठी अक्षरे उमटू लागत. त्यासाठी नवा संगणक घ्यावा लागत नसे, जुन्यालाच आपली भाषा शिकविली जाई. सुधारणा ह्या शब्दाचा ह्याहून चांगला अर्थ मला सापडलेला नाही.

मात्र हे उदाहरण भाबडेपणाने वापरू नये. 'परम' हा जुगाड नव्हता. त्यामागे प्रयोजनाची स्पष्टता, अभ्यास आणि कष्ट होते. साधने अपुरी असतात तेव्हा विचार अधिक करावा लागतो. विचार न करता केलेली काटकसर ही नुसती ओढाताण असते.

कपाटातला संगणक

शेवटचा प्रश्न विद्यार्थ्याचा नाही, आपला आहे. किती घरांत आणि कचेऱ्यांत बदललेला जुना संगणक प्लास्टिकच्या खोळीत पडून असेल? तो विकवत नाही, वापरवत नाही, आणि टाकवतही नाही. दोन वर्षे तसाच राहिला की मग भंगारवाल्याकडे जातो. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला, आणि त्याचा चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. उरलेल्यातला पुष्कळसा भाग उघड्या हातांनी फोडला आणि जाळला जातो. ते हात बहुधा गरिबाचेच असतात, आणि त्या धुरातले शिसे त्याच्याच लेकरांच्या छातीत जाते. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून विद्युत कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचतो, आपल्या कपाटापर्यंत आपल्यालाच पोहोचावे लागते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात वस्तू टाकून देण्याच्या संस्कृतीकडे बोट दाखविले, आणि जी संस्कृती वस्तू सहज टाकते ती माणसांनाही सहज टाकते हा धोका लक्षात आणून दिला.

थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते आपल्या गरजेहून जे अधिक आहे त्यावर गरजवंताचा न्याय्य अधिकार असतो. तसे असेल तर कपाटातला तो संगणक देणे हे दान नव्हे, ती परतफेड आहे. मात्र ती नीट करावी. आधी त्यातली आपली खाजगी माहिती पुसावी, धूळ झाडावी, चालतो की नाही ते पाहावे, आणि जमल्यास एसएसडी घालूनच तो द्यावा. बंद पडलेला खोका गरिबाच्या दारी ठेवून पुण्य मिळत नाही, आपल्या घरची अडगळ तेवढी हलते. एखाद्या धर्मग्रामातल्या, महाविद्यालयातल्या किंवा वसतिगृहातल्या दोन जाणत्या मुलांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी अशी किती यंत्रे पुन्हा उभी राहतील! आणि ती दुरुस्त करता करता त्या मुलांना जे ज्ञान मिळेल ते कोणत्याही नव्या पेटीसोबत मिळत नाही.

तर पुरेसे म्हणजे किती? ह्याला जीबीमध्ये उत्तर नाही. ज्या कामासाठी वस्तू आहे ते काम प्रामाणिकपणे तडीस जावे, त्यासाठी कोणाच्या घामाची उधळण होऊ नये, आणि कोणाच्या शिक्षणात कसर राहू नये, एवढे झाले की पुरेसे झाले. ह्याहून कमी ती ओढाताण, ह्याहून अधिक तो भार. हा हिशेब प्रत्येकाला स्वतःच्या घरी बसून करावा लागेल. दुकानदार तो आपल्यासाठी करणार नाही, आणि खरे पाहता तो त्याने करूही नये.